इसार

द्राक्षाच्या सौद्यात इसार नावाची एक गोष्ट असते. व्यापारी बागेत येतो, दोन-चार ओळी फिरतो, एखादा मणी तोंडात टाकतो, घड हातात तोलून बघतो आणि भाव बोलतो. आपण मान हलवतो. तो गाडीकडे निघतो, आपण त्याला चहाला बोलावतो. अशी ओढाताण होत होत दोघं एका आकड्यावर आले की तो खिशातून थोड्या नोटा काढून हातावर ठेवतो. तो इसार. मालाच्या किमतीपुढं ती रक्कम काहीच नसते. पण नोटा हातात पडल्या की बाग दिली. नंतर दुसरा व्यापारी फाटकाशी आला तर त्याला पाणी विचारायचं, बाग दाखवायची नाही.

अमेरिकेतली विद्यापीठंही असाच इसार घेतात, आणि तोही सतरा वर्षांच्या पोरांकडून, हे मला गेल्या ऑक्टोबरपर्यंत ठाऊक नव्हतं. माझं इंग्रजी औषधाच्या डब्यावरचं प्रमाण वाचण्यापुरतं. पण धाकट्या भावाचा मुलगा वीस वर्षांपासून न्यू जर्सीत कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, आणि त्याची मुलगी, म्हणजे माझी चुलत नात, यंदा बारावीला आहे. ऑक्टोबर छाटणी नुकतीच उरकली होती. पेस्ट लावणारे मजूर बागेत होते. तेवढ्यात पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. बापलेकीचं काही बिनसलंय हे चेहऱ्यावरूनच दिसत होतं. मग पुढचे तीन रविवार आम्ही एकाच विषयावर बोलत होतो.

विषय असा. पोरीला फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन नावाच्या शाळेत जायचंय. जोसेफ व्हार्टन नावाच्या लोखंड-निकेलच्या कारखानदारानं १८८१ साली देणगी देऊन ती काढली. विद्यापीठाच्या अंगणात धंदा शिकवायला सुरुवात करणारी अमेरिकेतली ही पहिली शाळा. धंदा शिकायला चार वर्षं कशाला लागतात, असं मी विचारणार होतो. पण शेतीत पन्नास वर्षं काढूनही मला कांदा कधी विकावा हे कळलेलं नाही, तेव्हा गप्प बसलो.

तिथं जायचे रस्ते दोन. एक नेहमीचा. जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज करायचा, मार्चअखेर उत्तर येतं. आणखी दहा ठिकाणी अर्ज केलेले असतात, त्यांचीही उत्तरं तेव्हाच येतात. मग कोणी किती फी माफ केली ते शेजारी शेजारी मांडून १ मेपर्यंत एकाला हो म्हणायचं. दुसरा रस्ता लवकरचा, त्याला अर्ली डिसिजन म्हणतात. १ नोव्हेंबरला अर्ज, डिसेंबरच्या मध्याला निकाल. पण असा अर्ज एकाच ठिकाणी करता येतो, आणि त्यावर लिहून द्यावं लागतं की घेतलंत तर मी येणारच, बाकीचे सगळे अर्ज मागे घेणार. खाली तीन सह्या. पोरीची, आईबापापैकी एकाची आणि शाळेतल्या सल्लागार बाईंची.

म्हणजे आमच्या छाटणीच्या वेळी शब्द द्यायचा, मण्यात पाणी उतरायच्या आत सौदा पक्का, आणि मार्चमध्ये बाजार काय निघाला हे बघायचंच नाही.

यात विद्यापीठाचा फायदा काय, ते मला लगेच समजलं. साखर कारखाना उसाची नोंद आधी का घेतो? गाळपाला किती ऊस येणार हे त्याला कळावं म्हणून. तसंच यांचं. आपल्या निम्म्याच्या आसपास जागा पेनसिल्व्हेनियावाले या लवकरच्या अर्जांतूनच भरतात. ज्यांना बोलावलं ते येतीलच, ही खात्री त्यांना मिळते. आणि पोराचा फायदा? पुतण्यानं आकडे सांगितले. सगळे मिळून धरले तर शंभरातल्या पाच-सहांना तिथं प्रवेश मिळतो. लवकरवाल्यांत हाच आकडा काही वर्षांपूर्वी पंधराच्या आसपास होता. आता त्या पंधरांत विद्यापीठानं आधीच हेरलेले खेळाडू असतात, जुन्या विद्यार्थ्यांची मुलं असतात, म्हणून तो आकडा जसाच्या तसा खरा धरायचा नाही. पण २००३ साली तीन अभ्यासकांनी यावर पुस्तकच लिहिलं होतं. लवकर अर्ज करणाऱ्याला होणारा फायदा त्यांनी मोजला, तो तिथल्या प्रवेशपरीक्षेत शंभर गुण जास्त मिळाल्याएवढा निघाला. परीक्षा सोळाशे गुणांची. तेव्हा फायदा खोटा नाही.

मग अडलं कुठं? पैशात.

तिथला वर्षाचा खर्च, राहणंखाणं धरून, ९० हजार डॉलरच्या वर आहे. चार वर्षांचे आपले तीन कोटी रुपये पुरत नाहीत. विद्यापीठ मदत देतं, आणि मदत देताना कर्ज गळ्यात घालत नाही, ही त्याची चांगली गोष्ट. अगदी गरीब घरच्या पोराला तर ते जवळजवळ फुकट शिकवतं. घराला जेवढी गरज असेल तेवढी सगळी भागवू, असं त्यांचं वचन आहे. पण गरज किती हे ठरवणार कोण? तेच. ऊस आपला, काटा कारखान्याचा. पुतण्यासारखी नवराबायको दोघं नोकरी करणारी माणसं, घराचं कर्ज डोक्यावर, धाकटा मुलगा आठवीत. यांना मदत मागावी तर पगार जास्त दिसतो, आणि भरावं म्हटलं तर खिसा पुरत नाही. नेहमीच्या रस्त्यानं गेलं तर मार्चमध्ये चार कॉलेजांचे चार आकडे समोर असतात. लवकरच्या रस्त्यानं एकच आकडा येतो, आणि तोही शब्द देऊन झाल्यावर.

मदतीच्या फॉर्ममध्ये मालमत्ता लिहायची असते. घर, ठेवी, आणखी कुठं काही असेल ते. पुतण्यानं विचारलं, "अण्णा, आपल्या निफाडच्या जमिनीची किंमत काय लिहू?" आता आमच्या सातबाऱ्यावर पाच नावं. मी, दोन बहिणी, भाऊ वारल्यावर लागलेलं पुतण्याचं आणि त्याच्या आईचं. वाटणी झालेली नाही. विहिरीवरून एकदा बोलाचाली झालीय तेवढी. मी त्याला म्हटलं, सरकारचा रेडीरेकनरचा भाव एक, गावात कोणी घ्यायला आला तर एक, आणि बँकेनं लिलाव काढला तर तिसराच; तुला कुठला पाहिजे? तो हसला. पण हसता हसता म्हणाला, "वेळच आली तर माझ्या हिश्श्याचं काहीतरी बघावं लागेल." मी काही बोललो नाही. त्याच्या बापाच्या हातची बाग आहे ती. त्याचा हक्क आहे हेही खरंच.

हे सगळं मोठ्यांचं. पोरीचा प्रश्न वेगळाच होता, आणि त्या प्रश्नासाठी मी हे लिहायला बसलो.

करारात एक सोय आहे. मिळालेल्या मदतीत घराला परवडत नसेल, तर विद्यापीठ शब्दातून मोकळं करतं. पुतण्याच्या ऑफिसातला एक जण म्हणाला होता, मग घाबरता कशाला? सही ठोका. प्रवेश मिळू द्या, आकडा बघा. नाही पटला तर परवडत नाही म्हणा आणि बाहेर पडा. तिथं कोण बघायला येतंय? पुतण्याला ते पटलं होतं. पोर म्हणाली, "अण्णाआजोबा, सही करतानाच आपल्याला वाटत असेल की बहुतेक नाही जमणार, तर ते खोटं बोलणं आहे का? बाबा म्हणतात नाही, कारण नियमातच लिहिलंय."

तिचं मराठी जरा अडखळत येतं, पण प्रश्न अडखळलेला नव्हता.

मी तिला २०१४ ची गारपीट सांगितली. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारा पडल्या, आमचा तालुका झोडपून निघाला. माझी बाग दिलेली होती, इसार घेतलेला होता, माल आठ दिवसांवर आला होता. अर्ध्या तासात घड फुटून जमिनीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी आला. तो आलाच नसता तरी मी काय करणार होतो? बोललेला माल आता उरलाच नव्हता. पण तो आला, ओळीओळीनं फिरला, चिखलात बूट रुतत होते त्याचे. चांगला उरलेला माल त्यानं कमी भावानं उचलला, इसार परत मागितला नाही. मीही जास्त ताणलं नाही. शब्द मोडला म्हणायचा तर दोघांनी मिळून मोडला, आणि पुढच्या वर्षी त्यालाच बाग दिली.

आता दुसरा माणूस बघा. तो सौदा करतानाच मनात धरून असतो की भाव पडला तर डाग आहे म्हणायचं, साखर उतरली नाही म्हणायचं आणि माल अर्ध्यावर सोडायचा. असे आम्ही खूप पाहिलेत. बोलताना दोघांच्या तोंडी वाक्य एकच असतं, माल बोलल्यासारखा नाही. नियमही एकच. पहिल्याला गारांनी बाहेर काढलं. दुसरा आत येतानाच मागचं दार कुठं आहे ते बघून आला होता. मी पोरीला एवढंच म्हटलं, परवडेल असं मनापासून वाटत असताना सही केलीस आणि मग आकडा जड निघाला, तर बिनदिक्कत परत ये, लाज बाळगू नको, त्यासाठीच ती सोय आहे. पण परवडणार नाही हे आज ठाऊक असताना सही करायची असेल, तर कागदावर काही का लिहिलेलं असेना, तुझ्या त्या सल्लागार बाईंना आधी सांगून बघ. त्यांना सांगता आलं तर सही कर. त्यांची सही तुझ्या शब्दावर आहे, आणि पुढच्या वर्षी त्याच शाळेतली दुसरी पोरं अर्ज करणार आहेत.

पुतण्याला हे फार आवडलं नाही. "अण्णा, तिथं सगळे असंच करतात," तो म्हणाला. सगळेच करत असतील असं मला वाटत नाही. आणि करत असते तर विद्यापीठाला त्या सहीचं एवढं अप्रूप राहिलं नसतं.

सही करायच्या आधी अंदाज घ्यायचा मार्ग होता, तो त्यांनी नंतर शोधला. २०११ पासून तिथल्या सरकारनं प्रत्येक कॉलेजला सक्ती केलीय की घरची मिळकत भरली की साधारण किती खर्च पडेल हे सांगणारं गणित वेबसाइटवर ठेवायचं. ते पक्कं नसतं, नजरअंदाजच. पण नजरअंदाजावरच तर आम्ही बागा देतो.

पण माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळत होता. कांद्याचा.

उन्हाळ कांदा मार्चअखेरपासून निघायला लागतो. एप्रिल-मेमध्ये लासलगावला ट्रॅक्टरची रांग लागते. ज्याला सोसायटीचं कर्ज भरायचंय, ज्याच्या घरी लग्न आहे, ज्याच्याकडे कांदाचाळ नाही, तो शेतातून थेट बाजारात नेतो आणि मिळेल त्या भावाला देऊन येतो. ज्याची चाळ आहे आणि घरात चार पैसे आहेत, तो थांबतो. ऑगस्ट-सप्टेंबरला भाव बघून काढतो. थांबण्यातही धोका असतो. कांदा सडतो, कोंब फुटतात, सरकार निर्यात बंद करतं. तरी थांबायचं की विकायचं हे ठरवण्याची मुभा त्याला असते. लवकर विकावं लागणं ही आमच्याकडं गरिबीची खूण.

आणि तिकडं बघितलं तर उलटं. लवकर शब्द देऊ शकतो तो पैसेवाला. त्याला कुणाची मदत किती हे बघायचंच नसतं, चारही वर्षांची फी तयार असते. थांबून चार आकडे ताडून बघावे लागतात ते नडलेल्याला. पोरीची एक मैत्रीण आहे, अभ्यासात हिच्या बरोबरीची. तिची आई म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या ठिकाणी रात्रपाळी करते. तिनं लवकरच्या अर्जाचं नावच काढलं नाही. खरं तर तिला तिथं जवळपास सगळं माफ झालं असतं. पण तसं छातीठोक सांगणारं तिच्या घरी कोणी नाही, आणि एकाच ठिकाणी शब्दात अडकायची तिच्या आईला भीती वाटते. भीती वाटणारच. नडलेल्या माणसानं न वाचता केलेल्या सह्यांचे किस्से आमच्या गावात काय कमी आहेत?

दोन रात्री मी हे उलटसुलट करत होतो. आमच्याकडं गरीब घाई करतो, तिकडं श्रीमंत. मग ध्यानात आलं की उलटं काहीच नाही. घाईत फायदा असेल तर ज्याच्याकडे पैसा आहे तो घाई करतो, थांबण्यात फायदा असेल तर तो थांबतो. वेळ निवडायचा हक्कच पैशाबरोबर येतो. कांदा असो की कॉलेज.

ही गोष्ट तिथल्या लोकांना दिसली नाही असं नाही. २००६ साली हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या दोन मोठ्या विद्यापीठांनी आणि व्हर्जिनिया विद्यापीठानं लवकरचे अर्ज घेणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण हेच दिलं होतं की यात सुस्थितीतल्या घरच्या मुलांचं फावतं. त्यांना वाटलं, बाकीचेही मागं येतील. बाकीचे फारसे आले नाहीत. चांगली पोरं आधीच दुसरीकडं शब्द देऊन बसायला लागली. २०११ साली हार्वर्ड आणि प्रिन्स्टननं लवकरचे अर्ज पुन्हा सुरू केले, फक्त येणारच अशी बांधिलकी ठेवली नाही. व्हर्जिनियानं पुढं बांधिलकीवालाही रस्ता परत उघडला. आपल्याकडं एखाद्या गावानं ठरवावं की व्यापाऱ्याला काटला द्यायचा नाही, आणि शेजारच्या गावानं दिला की चार दिवसांत यांचाही ठराव बारगळावा, तसं झालं. एकट्यानं चांगलं वागायला गेलं की बाजार दंड करतो. पण दंड झाला म्हणून ते वागणं चुकीचं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही.

"मग माझ्यासारखीनं तो फायदा घेणं चूक आहे का?" पोरीनं विचारलंच. तिला मैत्रिणीचं वाईट वाटत होतं. मी म्हटलं, नियम तू केलेला नाहीस. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी नाही म्हणून आपण आपली मोटर बंद ठेवल्यानं त्याचं शेत भिजत नाही. भिजवायचं असेल तर पाइप टाकावा लागतो. मैत्रिणीला ते वेबसाइटवरचं गणित करून दाखव, तिच्या आईला बाईंकडं घेऊन जा. एवढं केलंस तर पुष्कळ. तिनं ते केलं, हे मला पुतण्याच्या बायकोकडून कळलं.

सतरा वर्षांच्या पोरीनं धंद्याचंच शिक्षण घ्यायचं हे आत्ताच का ठरवावं, असंही एकदा वाटून गेलं. पण आपल्याकडंही आता तेच. इंदूरच्या आयआयएमनं २०११ पासून बारावीच्या पोरांसाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रम काढला आहे. मी सतराव्या वर्षी बैल हाकत होतो, तेव्हा मला तरी कुणी विचारलं होतं? ते राहू दे. या पोरीला मात्र कारण आहे. बारा वर्षांची असताना ती इथं आली होती, मी तिला लासलगावच्या लिलावाला नेलं होतं. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी आला, आकडे ओरडले, मिनिटभरात पुढच्या ट्रॉलीकडं गेला. तिनं विचारलं, "चार महिन्यांच्या कामाचा भाव एका मिनिटात? आणि तुम्ही काहीच का नाही बोललात?" अर्जासोबत साडेसहाशे शब्दांचा निबंध लागतो, त्यात तिनं तोच लिलाव लिहिलाय. माझा कांदा फिलाडेल्फियात उपयोगी पडला तर पडू दे. लासलगावात पडला नव्हता.

तिसऱ्या रविवारी मी त्यांना माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. सांगावी की नाही असं होत होतं, कारण तिच्यातून सरळ उत्तर निघत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. नवी बाग, दुसरंच पीक. वडिलांनी एका व्यापाऱ्याला शब्द दिला, इसार घेतला. आठवड्यात भाव किलोमागं दीड रुपयानं चढला. रात्री दुसरा व्यापारी घरी आला, ओट्यावर बसला, पिशवीतली रक्कम दाखवली. पहिल्याचा इसार दुप्पट करून परत करा म्हणाला, तशी रीतच आहे, कोणी नावं ठेवणार नाही. वडील म्हणाले, "बाग दिली." त्याला जेवायला घातलं आणि लावून दिलं. अजून त्यांचं नाव निघालं की गावातली जुनी माणसं ही गोष्ट सांगतात. वडिलांच्या दहाव्याला तो पहिला व्यापारी नाशिकहून आला होता.

पण घरात ही गोष्ट कोणी कौतुकानं सांगत नसे. त्या वर्षी थोरल्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. त्या दीड रुपयात ते निघालं असतं. ते निघालं नाही, म्हणून आईच्या पाटल्या गेल्या आणि धाकट्या भावाचं कॉलेज वर्षभर लांबलं. आई शेवटपर्यंत म्हणायची, "सबूद त्यांचा व्हता, उपास आमचा." वडिलांवर तिचा राग होता असं नाही. पण सौदा करताना आपल्याला कोणी विचारलं नाही, हे ती विसरली नाही.

पुतण्या बराच वेळ बोलला नाही. कॉलेज वर्षभर लांबलेला तो धाकटा भाऊ म्हणजे त्याचा बाप. मी त्याला म्हटलं, त्या कागदावर तीन सह्या आहेत, पण भरणारे किती, ते मोज. धाकट्याचं कॉलेज चार वर्षांवर आलंय. त्याला समोर बसवलंय का तुम्ही? तुझ्या आईला सांगितलंय का, हिश्श्याचं म्हणत होतास ते?

त्या रात्री त्यांनी आठवीतल्या पोराला धरून सगळ्यांनी बसून गणित केलं. आकडा काय आला ते पुतण्यानं मला सांगितलं, मी इथं लिहीत नाही. ओढूनताणून जमेल असा होता, एवढंच. म्हणजे सही केली असती तर खोटी ठरली नसती, आणि नाही केली तरी कोणी भित्रं म्हटलं नसतं. अशा वेळी कोणता नियम उपयोगी पडतो ते मला माहीत नाही.

माझी बायको हे सगळे रविवार शेजारी बसून ऐकत होती, हातात निवडायची मेथी. तिनं मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी पोरीनंच विचारलं, "आजी, तुला काय वाटतं?"

"भर की फॉर्म," ती म्हणाली. "यांचं ऐकत बसशील तर नोव्हेंबर निघून जाईल. पोरीच्या जातीला दार किलकिलं दिसलं की आत शिरावं, मागनं बघता येतं पैशाचं. मला सातवीनंतर कोणी गणित करून नाही दाखवलं, परवडत नाही एवढंच सांगितलं. माझ्या भावांचं बरं परवडलं."

मी काही बोलणार होतो, पण तिनं मेथीची जुडी माझ्यापुढं सरकवली.

पोरीनं दोन्ही ऐकून घेतलं. शेवटी तिनं लवकरची सही केली नाही. पैशामुळं म्हणाली नाही. मार्चमध्ये सगळे आकडे समोर ठेवून ठरवायचंय, म्हणाली. १ नोव्हेंबरला न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात, रटगर्समध्ये अर्ज टाकला. तिथं लवकर अर्ज करता येतो आणि शब्दात अडकावं लागत नाही. व्हार्टनचा अर्ज नेहमीच्या रस्त्यानं जानेवारीत गेला. तेवढी संधी कमी झाली, हे तिला ठाऊक आहे. माझ्या बायकोला ते अजून पटलेलं नाही, आणि तिचं म्हणणं खोडून काढता येईल असं माझ्याजवळ काही नाही.

रटगर्सचं उत्तर जानेवारी संपता संपता आलं, घेतलंय. फिलाडेल्फियाचं मार्चअखेर कळेल. तोवर इकडं द्राक्षाची शेवटची गाडी गेलेली असेल आणि कांदा काढायला सुरुवात झालेली असेल. पुतण्याचा परवा फोन होता. यंदा चाळ दुरुस्त करणार का, विचारत होता. त्याच्या हिश्श्याचे पैसे पाठवतो म्हणाला.